चिकाची चरवी

धायरीत सत्यशीलेच्या गोठ्याला लागून मोठी सोसायटी उभी राहिली, तेव्हा तिचा सेक्रेटरी शेणाच्या वासाची तक्रार घेऊन आला होता. सत्यशीला गोवऱ्या थापत होती. तिने शेणाचे हात तसेच जोडले आणि म्हणाली, "वास आमचा जुना हाय, साहेब. तुम्ही नंतर आलात." तो पुन्हा आला नाही.

पण राग आला म्हणून गोठा राहतो, असं नाही. शेतं नवऱ्याने, बापूरावांनी, कधीच विकली होती. आता गोठ्याच्या जागेचाही सौदा झाला होता. एकच म्हैस उरली होती, चंद्री. हे वेत झालं की तिला खेड शिवापूरचा माणूस नेणार होता. कुणी सत्यशीलेला विचारलं नव्हतं. बापूरावांची रीतच ती. आधी करून टाकायचं, मग जेवताना सांगायचं.

चंद्री व्यायली त्याच दिवशी बार्शीहून तुळजाबाईंचा फोन आला. तुळजाबाई म्हणजे बापूरावांची थोरली बहीण. सत्यशीला लग्न होऊन आली तेव्हा म्हशीला घाबरायची. तिला कासेला बसवून धार काढायला शिकवलं ते याच नणंदेने. पण सत्यशीलेच्या मुलाच्या, दिग्विजयच्या लग्नापासून ती या घरात आली नव्हती. त्या लग्नात पहिला फेटा घरच्या जावयाला, म्हणजे तुळजाबाईंच्या नवऱ्याला, रतनरावांना, बांधायचा होता. बापूरावांनी तो जागेच्या धंद्यातल्या भागीदाराला बांधला. रतनरावांनी हळूच विचारलं, तर भर मांडवात म्हणाले, "ज्याला मान पायजे त्यानं आधी कमवावा." रतनराव न जेवता उठले. पुढे करोनात गेले. माफी मागायला कुणी उरलं नाही, असं बापूराव म्हणत. बहीण उरली होती, हे सत्यशीला मनात म्हणे आणि भांडी आपटे.

फोनवर तुळजाबाई एवढंच म्हणाली, "पोटाचं आपरेशन झालं. तोंडाला चव न्हाई. चंद्री व्याली का गं?"

इतक्या वर्षांत तिने माहेरचं मागितलेलं हे पहिलं होतं. सत्यशीलेने तिथंच ठरवलं. चीक जाणार आणि कच्चाच जाणार. या घरात शिजवलेला खरवस शेजारीपाजारी वाटतात. माहेरवाशिणीला कच्चा चीक आणि गुळाची ढेप द्यायची. तिने तो आपल्या चुलीवर, आपल्या हाताने लावायचा. पण वैशाखातल्या उन्हात बार्शीपर्यंत तो टिकायचा कसा?

"माझा कूलर आहे ना, आई," दिग्विजय म्हणाला. "गाडीत पिन लावायची, झालं. बर्फाचं झंझट नाही."

"तो गोव्याला न्यायचा दारूचा डबा?"

"बिअरचा. आणि धुतलाय मी."

तिने तो सोडा घालून पुन्हा धुतला. दिग्विजयने तिला बटण दाखवलं. हिरवा दिवा म्हणजे गार, लाल म्हणजे गरम. मधल्या खटक्याला हात लावायचा नाही. बापूराव तेव्हा अंगणात फोनवर कुणाला तरी जागेचा भाव सांगत होते.

सकाळी निघाले. सत्यशीलेला गाडी लागते, म्हणून ती पुढे, गाडी चालवणाऱ्या दिग्विजयशेजारी बसली. मागे बापूराव, त्यांच्याशेजारी डबा, डब्यात चिकाची पितळी चरवी. हडपसर सुटलं तेव्हा उन्हाने काचेवर हात टेकवत नव्हता. डबा घुर्र करत होता. भिगवण आलं आणि बापूराव म्हणाले, "मासे खाऊन घेऊ. इथून पुढं काय मिळत न्हाई."

"गाडी बंद केली की डबा बंद पडतो," सत्यशीला म्हणाली.

"दहा मिनिटांनी काय होतंय?"

दहा मिनिटं कुठली? मासे तळून यायलाच अर्धा तास गेला. ती जेवली नाही. टपरीच्या सावलीत उभी राहून नवऱ्याचं काटे काढणं बघत राहिली. त्या हातांना मासा निवडायला सवड होती. बहिणीला फोन लावायला नव्हती.

पुन्हा गाडी निघाली. तिने मागे वळून विचारलं, "दिवा हाय का?"

"हाय, हाय. चांगला लागलाय," बापूराव म्हणाले. ऊन लागू नये म्हणून त्यांनी डब्यावर आपला टॉवेल टाकला होता. ते बघून तिला क्षणभर बरंही वाटलं. त्याचा राग तिला पुढे जास्त आला.

कुर्डुवाडीच्या पुढे दिग्विजयने टायर बघायला गाडी थांबवली. तिने मागचं दार उघडून टॉवेल काढला. लाल दिवा. झाकण उचललं तर वाफ तोंडावर आली. चरवीत चिकाच्या गाठी झाल्या होत्या. कडेला घट्ट, मध्ये पाणी.

"खटका कुणी फिरवला?"

बापूरावांनी तिच्या हातातला टॉवेल घेतला. मग म्हणाले, "हिरवा मिणमिणत होता. म्हटलं करंट कमी येतोय. आपल्या बोर्डावर लाल दिवा लागला की लाईट आली म्हणतो ना आपण…"

"मला का नाही विचारलं? मी पुढं बसले होते. मेले नव्हते."

"मदतच केली ना!"

"तुमची मदत!" रस्त्यावरचा एक ट्रकवाला वळून बघू लागला. "शेत विकलंत, मदत. गोठा दिलात, मदत. फेटा भलत्याला बांधलात, तीबी घराला मदतच असंल! चंद्री जाणार. पुन्हा चीक कुठून आणू? त्या बाईनं एक गोष्ट मागितली हो, एक!"

"आई, परत फिरायचं का?" दिग्विजयने हळूच विचारलं.

"नाही. हेच न्यायचं. आणि यांनी न्यायचं."

बार्शीत तुळजाबाईंच्या दारात गाडी थांबली. सत्यशीला खाली उतरली नाही. आजवर प्रत्येक दारात आधी तीच उतरली होती, नवऱ्याने सांडलेलं पुसायला. "चरवी घ्या," ती म्हणाली. "काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा."

बापूराव चरवी घेऊन गेले. काचेतून तिला दिसलं, तुळजाबाई वाळून अर्धी झाली होती. तिने भावाकडे पाहिलं, चरवीत पाहिलं. तो काही बोलला. मग ती एकटीच भिंत धरत गाडीपाशी आली.

"राग त्याच्यावर आन् उंबरा माझा टाळतीस?"

"येते, वन्सं. पण काय म्हणाले ते सांगा."

"डबा खराब निघाला म्हणाला."

सत्यशीला उतरली. तिने पिन उपटली, डबा कडेवर घेतला आणि वायर मातीत ओढत आत गेली. बापूरावांच्या पायांसमोर डबा ठेवला.

"डबा चांगला हाय. सांगा."

बापूरावांनी बायकोकडे पाहिलं, मग बाहेरच्या गाडीकडे. दिग्विजय आत येत नव्हता.

"खटका मी फिरवला, आक्का."

"आणि फेटा?" सत्यशीला म्हणाली.

भिंतीवर रतनरावांचा फोटो होता. त्यातही डोक्याला काही नव्हतं. बापूरावांनी तिकडे पाहिलं.

"तोबी मीच. चुकलो."

 माफ केलं, असं तुळजाबाई म्हणाली नाही. तिने चरवीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"आंबला न्हाई. नुसता अर्धा शिजलाय," ती म्हणाली. "दूध घालून पुन्हा लावते. गूळ आणलास का, शीले?"

"आणलाय."

सत्यशीलेने ढेप पिशवीतून काढून ओट्यावर आपटली. फोडायला बत्ता लागला नाही.