भावोजींनी तपासलेली पावडर

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी तपासल्याशिवाय या जगातली कोणतीही वस्तू वापरण्यालायक ठरत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. जगाला ते कधी पटलं नाही, हा अर्थातच जगाचा दोष. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात भावोजी इन्स्पेक्शनला होते आणि घरी आल्यावरही ड्यूटी संपत नसे. अक्काने नवा कुकर आणला, तेव्हा पहिल्या भाताच्या वेळी सगळ्यांना अंगणात उभं करून हे एकटे शिट्ट्या ऐकत स्वयंपाकघरात बसले. मुलीला, वीणाला, ताप आला की औषधाचा पहिला डोस हे घेत आणि खुर्चीत बसून स्वतःवर लक्ष ठेवत. तोवर पोरीचा ताप बहुधा आपोआप उतरे. श्रेय तपासणीला जाई.

वीणा पोहायची, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. राज्य स्पर्धेत पहिल्या दोघींत आली तर राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. पुढच्या वर्षी पीयूसीचा, अकरावी-बारावीचा अभ्यास, म्हणजे संधी ही शेवटचीच. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पूलच्या काठावर बसणाऱ्या आईबापांत क्रिएटिन नावाच्या पावडरीची कुजबुज सुरू झाली होती. आमच्या चुलतभावाने अमेरिकेहून एक डबा आणून दिला. तिकडचे सगळे स्विमर हेच घेतात, म्हणाला.

भावोजींनी डबा उलटासुलटा करून पाहिला. "सरी, ठीक. आधी मी घेतो. पोरीवर प्रयोग नको."

पण डब्यावर लिहिलं होतं, की व्यायाम केला तरच गुण येतो. पोहण्याची पावडर चालून कशी तपासणार? आणि भावोजींना पोहता येत नव्हतं. तेव्हा पन्नाशीला टेकलेले भावोजी कमरेला ट्यूब लावून लहान मुलांच्या वर्गात दाखल झाले. कुणालाही नाही म्हणताना मला अपराधी वाटतं, म्हणून टॉवेल घेऊन काठावर मी. ते रोज ग्लासभर पाण्यात पावडर ढवळून पीत आणि उथळ पाण्यात कठडा धरून पाय मारत. काही फरक वाटतो का, असं मी भीतभीत विचारलं.

"स्वल्प थांब रे. घाईत पास केलेला माल परत येतो."

फरक पडला तो पॅन्टला. तिचं बटण लागेना. शक्ती साठते आहे, असं अक्काला सांगण्यात आलं. अखेर एका सकाळी ते हातपाय आपटत पूल आडवा पार करून गेले आणि पावडर पास झाल्याचं जाहीर केलं. तोवर डब्यात चमचा तेवढा उरला होता. कारखान्यात ढिगातला एक नट मोडून पाहतात. इथे ढीगच एका नटाचा होता.

राज्य स्पर्धेत वीणा तिसरी आली. दुसरीत आणि तिच्यात हात टेकण्याइतकाच फरक.

संध्याकाळी पूल रिकामा झाल्यावर बापलेक काठावर बसले होते, मागे टॉवेल घेऊन मी. भावोजी म्हणाले, "डबा तुझा होता. मी संपवला."

"जडच झाले असते, अप्पा. स्वतःकडे बघा की."

ते हसले नाहीत. "तुला काही झालं असतं तर?"

वीणा पाण्यात उतरली आणि म्हणाली, "या."

भावोजी ट्यूबशिवाय उतरले. त्यांचं पोहणं म्हणजे पाण्याशी भांडण. ती त्यांच्या बाजूने, त्यांच्याच चालीने निघाली. इतकं हळू पोहताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पोटाखाली तिचा एक हात होता, टेकवलेला नाही, नुसता तयार. त्यांना तो दिसत नव्हता.

पलीकडचा कठडा धरून, धापा टाकत ते मला ओरडून म्हणाले, "बघितलंस? कुणाचा आधार नाही."

माझ्या आधी वीणानेच मान डोलावली.