पाहुण्याची गादी

धुळ्यात आमच्या गल्लीत एक म्हातारा पिंजारी यायचा. कापूस पिंजायची तार टणटणली की पोरं जमायची, आणि त्याच्या दाढीत अडकलेला कापूस बघून हसायची. तोही हसायचा.

नव्या घरासाठी गादी करून घेताना मी त्याला म्हणालो, "चाचा, सगळा कापूस एकाच गादीत भरा. हॉटेलातल्यासारखी मऊ पाहिजे."

"इतली मऊ कशाले, भाऊ? पहाटनी अजान ऐकू येवाव नही."

मी हट्ट सोडला नाही. संध्याकाळी परतलो, तर अंगणात दोन पातळ गाद्या.

"दुसरी पाव्हनासाठे शे," तो दाढी झटकत म्हणाला.

तेव्हा चिडलो होतो. आता पाहुण्याशिवाय आठवडा जात नाही. आणि त्या कडक गादीवर माझी पाठ अजानच्या आधीच जागी होते.