घरच्यांना आवतण

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. त्या डिसेंबरात माझी नातवंडं पहिल्यांदा कलकत्त्याला आली, दोन रात्री राहिली आणि पुढं बँकॉकला गेली.

मी गलाईवाला. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून सोनाराला परत द्यायचं, हे आमचं काम. आमच्या सांगलीकडच्या गावागावांतली माणसं या कामापायी मुलूखभर पांगलीत. मी इथं बऊबाजारात आलो तेव्हा मला मिसरूड फुटलेलं नव्हतं आणि चौथीची परीक्षा द्यायची राहिली होती, ती राहिलीच. खाली भट्टी, वर माळा, माळ्यावर अंथरूण. बायको गावाकडं राहिली, पोरगा तिथंच शिकला, मग पुण्याला जाऊन मोठ्या कंपनीत लागला. मी वर्षातून एकदा जत्रेला जायचो. बायको गेल्यावर तेही चुकायला लागलं. पोरगा म्हणतो, पुण्याला राहायला या. पुण्यात मी काय करू? गॅलरीत बसून गाड्या बघू?

त्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "आबा, नाताळच्या सुट्टीत बँकॉकला जायचं चाललंय. पोरं आहेत, हिचे आई-बाबा आहेत. तुमचापण पासपोर्ट काढू या. चला."

मी म्हटलं, "मला कशाला? तुम्ही जा."

आमच्याकडं पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणत नाही. जेवायला बसा म्हटलं की माणूस आधी पोटावर हात फिरवतो, आत्ताच खाल्लं म्हणतो, मग यजमान हात धरून बसवतो. मी वाट बघितली. पोरानं हात धरला नाही. म्हणाला, "बरं, मग आम्ही कलकत्त्यावरून जातो. पुण्याहून थेट विमान आहे, पण तुमची भेट होईल. दोन दिवस थांबतो."

तेवढ्यात नातीनं फोन ओढून घेतला. ती तेव्हा पहिलीत. "आजोबा, तुम्ही खरंच सोनं वितळवता? आईस्क्रीमसारखं?"

"आईस्क्रीमसारखं नाही गं."

"मग कसं?"

"ये. दाखवतो."

ती मला तुम्ही म्हणते. तिच्या आईच्या वडलांना तू म्हणते. रोजच्या सहवासातल्या माणसाला पोरं तू म्हणतात, त्यात तिचं काही नाही.

मी तयारीला लागलो. खालची खोली रंगवून घेतली. तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, काम आठवडाभर बंद ठेवलं, म्हणजे पोरांच्या नाकाला वास जायला नको. गावाकडनं येणाऱ्या एका माणसाकरवी ज्वारीचं पीठ मागवलं, कारण इथल्या दुकानातल्या पिठाची भाकरी थापताना फुटते. लेकरू पहिल्यांदा घरी आलं की त्याला उंबऱ्यावर थांबवायचं, पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग आत घ्यायचं. हे बायकांचं काम. माझ्या घरात बाई नाही, म्हणून मीच करणार होतो. एका बंगाली सोनाराचं सोनं गलाईला आलं होतं. त्याला सांगितलं, दादा, हे एक दिवस उशिरा मिळेल, माझी नातवंडं बघणार आहेत. तो माझ्याकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांत मी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

विमानतळावर गेलो तर सगळे बाहेर आलेले. नातू तीन वर्षांचा, त्यानं मला बघून आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. सून पाया पडली. विहीणबाईंचे गुडघे दुखत होते, त्या सामानाच्या ढकलगाडीला धरून उभ्या. आणि व्याही, डोक्याला लोकरीची टोपी, गळ्यात कॅमेरा.

"काय व्याहीबुवा, थंडी वाजत नाही का?"

"आम्ही भट्टीची माणसं," मी म्हटलं.

"वा! म्हणजे हीटर घेऊनच फिरता." ते स्वतःच मोठ्यानं हसले. मनानं माणूस वाईट नाही. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि ऐन उमेदीत तीन वर्षं त्यांची बदली कलकत्त्याला होती. अलिपूरला साहेबांच्या क्वार्टरात राहायचे. त्यामुळं कलकत्ता त्यांना माहीत, आणि हे ते विमानतळावरूनच सांगायला लागले. गाडीत ड्रायव्हरशी बंगालीत बोलले. माझ्यापेक्षा बरं बोलले. मी बोलतो ती बाजारातली बंगाली.

हॉटेल पार्क स्ट्रीटच्या अंगाला होतं, आधीच ठरवलेलं. माझ्या माळ्यावर सहा माणसं मावणार नाहीत हे मलाही कळतं. हॉटेलाचं मला काही वाटलं नाही. जेवायला, निदान चहाला, घरी येतीलच. दोन दिवस आहेत.

पहिला दिवस व्हिक्टोरिया मेमोरियल आणि प्राणिसंग्रहालय. व्याही पुढं, पोरं त्यांच्या मागं, मग सून आणि विहीणबाई, आणि शेवटी मी, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन. पिशवी मीच मागून घेतली. हात रिकामे असले की मला उभं राहायला जमत नाही.

व्हिक्टोरियाच्या पायऱ्यांवर व्याही म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही तर इथं शंभरदा आला असाल!"

"आत पहिल्यांदाच आलोय."

"काय सांगता! उभा जन्म कलकत्त्यात काढला आणि व्हिक्टोरिया बघितला नाही?"

"तुम्ही बँकेत होता. शुद्ध सोनं हातात घेऊन बघितलंय का कधी?"

विहीणबाई हसायला लागल्या. "आता बोला! बरं झालं, कुणीतरी भेटलं यांना."

व्याहीपण हसले. नात मात्र थांबली, माझ्याकडं वळून म्हणाली, "आजोबा, सोनं आज?"

"उद्या," मी म्हटलं. उद्या संध्याकाळी सगळे येतील असा माझा हिशेब होता.

आता इथंच गोष्ट अडली. मी कुणालाच म्हटलं नाही की घरी या. म्हणणार कशाला? आवतण परक्याला देतात. स्वतःच्या पोराला, सुनेला, नातवंडांना बापाच्या घरी यायला आवतण लागतं का? लागत असेल तर ते घर कसलं? गावाकडं कुणी आपल्या पोराला आवतण दिलं तर लोक विचारतील, भांडण झालंय का. मी त्यांच्या तोंडून ऐकायला थांबलो होतो, आबा, घरी कधी यायचं? नाश्त्याला ऐकायला थांबलो, गाडीत थांबलो, माकडांच्या पिंजऱ्यापाशी थांबलो. ते बोलत होते उन्हाचं, विहीणबाईंच्या गुडघ्यांचं, नातवाच्या शीचं, बँकॉकच्या हॉटेलातल्या पोहण्याच्या टाकीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर होतो. व्याह्यांना त्यांचं जुनं क्वार्टर बघायचं होतं. आम्ही सगळे अलिपूरच्या एका फाटकाबाहेर उभे राहिलो आणि ते बोट दाखवत राहिले, ती खिडकी आमची, त्या गॅलरीत ही पापड वाळवायची. आत जाता आलं नाही, पहारेकऱ्यानं सोडलं नाही. सगळ्यांचे फोटो निघाले. व्याह्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडं बघितलं.

मग म्हटलं, "मी निघतो आता. संध्याकाळी घरीच आहे मी."

पोरगा म्हणाला, "बरं आबा. दमला असाल. आराम करा."

मी दमलो नव्हतो.

वाटेत नोलेन गुळाचे, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाचे, संदेश ही इथली मिठाई घेतली. व्याही शाकाहारी, म्हणून वांग्याचं भरीत केलं, आमटी केली, लसणाचा ठेचा वाटला. सगळ्यांना पुरतील एवढ्या भाकऱ्या थापल्या, पोरांसाठी दोन लहान. भट्टीत कोळसा भरून ठेवला, मूस पुसून ठेवली. मूस म्हणजे ज्यात सोनं वितळतं ते भांडं. तिच्याशेजारी सोनाराची पुडी. दारात पाण्याचा तांब्या ठेवला, ताटलीत भाकरीचा तुकडा ठेवला आणि पायरीवर बसलो.

समोरचा चहावाला म्हणाला, "काकू, आज के आशबे?" इथं काकू म्हणजे काका. आज कोण येणार, असं विचारत होता.

म्हटलं, "नाती-नातनी." म्हणजे नातवंडं.

गल्लीत दिवे लागले. शेजारच्या दुकानांची शटरं अर्धी खाली आली. तेव्हा पोराचा फोन आला.

"आबा, पोरं फार दमलीत. आम्ही हॉटेलातच खाऊन घेतो. तुम्ही येता का इकडं? गाडी पाठवतो."

मी म्हटलं, "जेवण केलंय."

"जेवलात? बरं झालं."

"जेवलो नाही. केलंय. सगळ्यांचं."

मागं ताटल्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आबा, तुम्ही काही बोललाच नाहीत. मी कालपासून वाट बघतोय, तुम्ही कधी या म्हणताय. सासरे म्हणाले, त्यांनी बोलावलं नाही, जागा लहान असेल, त्यांना अवघडल्यासारखं होईल, आपण विषय नको काढायला."

"पोराला आवतण देत असतात का?"

"मला नका देऊ हो. मी न विचारता आलो असतो. पण व्याह्यांना तर द्यायला हवं होतं ना? त्यांना हॉटेलात बसवून मी बायकापोरं घेऊन कसा येणार?"

व्याह्याला आवतण लागतं. सगळ्यांच्या आधी लागतं, सन्मानानं लागतं. आमच्याकडं व्याह्याला नुसतं या म्हटलं तरी कमी पडतं. हे मला पोरानं शिकवायचं नव्हतं. पण मी दोन दिवस पोराचाच विचार करत होतो, आणि व्याही माझ्या डोळ्यांपुढं कॅमेरा घेऊन चालत होते. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. पोरानंही बापाला तोंडानं विचारायला हरकत नव्हती.

"आबा, भाकऱ्या घेऊन इकडं या ना," तो म्हणाला. "इथंच सगळे मिळून खाऊ."

"हॉटेलात भाकऱ्या? नको."

मग नात आली फोनवर. झोपेनं आवाज जड झालेला. "आजोबा, सोनं संपलं का?"

"नाही. आहे."

"मग उद्या बघू?"

"उद्या तू विमानात."

"मग ते राहील ना तिथं?"

"राहील," मी म्हटलं. दुसऱ्याचं सोनं ते, किती राहणार?

फोन ठेवला. तांब्यातलं पाणी पायरीवर ओतलं. एक भाकरी भरताबरोबर खाल्ली. उरलेल्यातल्या बऱ्याच चहावाल्याला दिल्या. त्यानं एक तोडून बघितली आणि विचारलं, "हे कशाचं?" मी म्हटलं, "ज्वारीचं." त्यानं मान हलवली. त्याला आवडली नाही, पण त्यानं समोर बसून खाल्ली. मला वाटतं, त्याला सगळं कळलं होतं. दोन लहान भाकऱ्या मात्र मी दिल्या नाहीत. त्या टोपलीत झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच अंघोळ केली. इस्त्रीचा सदरा घातला, डोक्याला टोपी घातली. मूठभर तांदळाला कुंकू लावलं, पुडीत बांधलं आणि वेलिंग्टन चौकावरून चालत हॉटेलावर गेलो. खाली गाडीत सामान चढत होतं. पोराच्या खांद्यावर नात झोपलेली. मला बघून पोरगा पुढं आला, मी त्याला हातानं थांबवलं आणि सरळ व्याह्यांसमोर जाऊन उभा राहिलो.

"व्याहीबुवा, आवतण द्यायला आलोय. तुम्ही दोघांनी माझ्या घरी जेवायला यायचं."

ते हसायला गेले, मग त्यांनी पुडी बघितली आणि हसू आवरलं. खिशातले हात बाहेर काढले, टोपी काढली, दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. मी अक्षता घातल्या. विहीणबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"घेतलं आवतण," ते म्हणाले. "कधीचं?"

मी पोराकडं बघितलं. तो हळू म्हणाला, "आबा, परतीचं विमान थेट पुण्याचं आहे."

"मग तुमच्या सवडीनं," मी व्याह्यांना म्हटलं.

त्यांनी अक्षता रुमालाच्या कोपऱ्यात बांधल्या, गाठ ओढून बघितली आणि रुमाल वरच्या खिशात ठेवला. नातवानं गाडीच्या काचेतून हात हलवला, मला की रस्त्याला ते कळलं नाही. नातीला उठवू नका म्हटलं मी.

तिथून चालत परत आलो. सोनार दुकानापुढं येऊन थांबलेला. सदरा काढून खुंटीला लावला, भट्टी पेटवली, पुडी मुशीत रिकामी केली. सोनं आधी लाल झालं, मग कडेनं सुटलं, मग एकदम मोकळं होऊन मुशीत पाण्यासारखं हललं. आईस्क्रीम बसतं, पसरतं. हे तसं नसतं. सोनाराला म्हटलं, "बघायचं का?" तो म्हणाला, "रोजचंच आहे, लवकर द्या." मी साच्यात ओतलं.