विमलताईंच्या बुद्धाचा चेहरा

पिंपळगावला माझ्या दिराच्या मुलाचा साखरपुडा होता. पंगती उठत होत्या, आणि विमलताईंच्या भाचीचा, स्नेहाचा फोन आला. "मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेऊन अंगणातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. स्नेहा कप उचलायला गेली तर बसल्या जागीच... मांडवात स्पीकर जोरात चालू होता. फोन कानाला तसाच धरून मी बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. द्राक्षांचे टेम्पो जात होते, आणि या बातमीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

विमल गांगुर्डे आमच्या नाशिकच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि मी इतिहास. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मी नवीन लागले त्या वर्षी आठवीची सहल पांडवलेण्यांवर जाणार होती. इतिहासाची बाई म्हणून मी चांगली तयारी करून गेले. कोणत्या राजाने काय दान दिलं ते सगळं पाठ. पायऱ्या चढून मुलं धापा टाकत वर आली आणि विचारायला लागली, बुद्धाची मूर्ती कुठाय? विमलताईंनी त्यांना आधी चैत्यगृहात नेलं. तिथे नुसता स्तूप. एक मुलगी हिरमुसून म्हणाली, इथे तर कोणीच नाही. तेव्हा ताई तिथेच खाली बसल्या आणि मुलांना सांगू लागल्या की कितीतरी काळ कारागिरांनी बुद्धाचा चेहरा कोरलाच नाही. पाऊलखुणा कोरल्या, चक्र कोरलं, झाड कोरलं, रिकामं आसन कोरलं. मग लोकांना चेहरा हवासा वाटला, आणि तो जिथे जिथे गेला तिथल्या माणसांसारखा होत गेला. गांधारात त्याला कुरळे केस मिळाले, अंगावर जाडसर चुण्यांचं वस्त्र आलं. चीनमध्ये डोळे लांब झाले, सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, बोटं निमुळती झाली. स्तूपावरच्या छत्र्या एकावर एक चढत जपानपर्यंत पोचल्या आणि त्यांचे पॅगोड्याचे मजलेच झाले. "आणि करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर," ताई हसत म्हणाल्या, "चीनला जाता जाता बाई झाला." मुलं खिदळली. मी माझी तयारी गुपचूप पिशवीत ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

परदेशी जाणाऱ्या कोणालाही त्या एकच गोष्ट आणायला सांगत, तिथल्या बुद्धाचं चित्र. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील द्राक्षं बाहेर पाठवत. त्यांनी व्हिएतनामहून, चीनहून मंदिरांची चित्रकार्डं आणली. कोणी श्रीलंकेहून कॅलेंडर आणलं, कोणी कोरियाहून पंखा. ताईंच्या बाहेरच्या खोलीची एक भिंत अशा चेहऱ्यांनी भरली होती. स्वतः त्या कुठे गेल्या नाहीत. आईचं दुखणं, धाकट्या बहिणीचं शिक्षण, मग तिची मुलगी स्नेहा... जमलंच नाही. त्याबद्दल कधी त्यांनी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. उलट भिंतीकडे बघत म्हणायच्या, बघ मंगल, हे सगळे आपल्याकडून निघालेत आणि फिरून फिरून माझ्याकडे आलेत.

त्या निवृत्त झाल्या आणि निफाडकडच्या त्यांच्या गावी नवा विहार बांधून झाला. विहाराच्या समितीचा अध्यक्ष त्यांचा चुलतभाऊ भास्कर. त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, मूर्ती आपल्या ताईनेच करायची. ताईंनी नाशिकच्या घरी अंगणात मांडव घातला, शाडू कालवली, आणि पावसाळाभर काम केलं. मी जाई तेव्हा धड झालेलं असे, हात झालेले असत, चेहरा मात्र रोज मोडलेला. शेवटी जो चेहरा ठरला तो असा. रुंद कपाळ, बसकं नाक, जाड ओठ, उन्हात काम केलेल्या माणसाच्या असतात तशा गालफडांच्या रेषा. आणि डोळे मिटलेले, अगदी शांत. साचा काढून मूर्ती सिमेंटमध्ये ओतली तेव्हाही त्यांनी ते नाक सरळ केलं नाही.

भास्कर समितीची माणसं घेऊन बघायला आला. सगळ्यांनी मूर्तीभोवती फेरी मारली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, हे बुद्ध नाय वाटत. आपल्या आळीतलं कुणी बसल्यावानी वाटतं."

ताईंनी त्यांना आत नेऊन भिंत दाखवली, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं. पण भास्करचं म्हणणंही खोटं नव्हतं. तो म्हणाला, लोकांनी पिढ्यानपिढ्या आपल्या तोंडाकडं बघून नाक मुरडलं. आता विहारात तरी देखणी मूर्ती असावी, एवढीच गावाची इच्छा आहे. ताई चहा ठेवायला उठल्या. विहारात दुसरीकडून आणलेली पांढरीशुभ्र, धारदार नाकाची मूर्ती बसली आणि ताईंची मूर्ती अंगणातच राहिली. त्यांनी एकदाच मला विचारलं, "माझं चुकलं का गं?" मी नाही म्हटलं, पण माझ्या नाही म्हणण्याने काही होणार नव्हतं. त्यानंतर बरेच महिने त्यांनी मातीला हात लावला नाही.

मग भास्करची आई, सोनाकाकू, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आली आणि ताईंकडे उतरली. डोळ्याची पट्टी सुटल्यावर ती रोज सकाळी अंगणात मूर्तीसमोर पोतं टाकून बसायची. जन्मभर कांद्याच्या खळ्यावर राबलेली बाई. फार बोलायची नाही. परत जायच्या दिवशी भास्कर न्यायला आला, तेव्हा मी तिथेच होते. काकू उठेना. तिने मुलाला समोर बसवलं आणि म्हणाली, "तिकडच्या मूर्तीम्होरं मी पदर नीट करून बसते, पाव्हण्याच्या घरी बसावं तशी. हितं तसं नाय वाटत. ह्यो आपल्याला वळखतो."

भास्कर खाली मान घालून बसला होता. त्याने वर मूर्तीकडे पाहिलं आणि बघतच राहिला. त्या दिवशी तो आईला घेऊन गेला. पण पुढच्या पौर्णिमेच्या आधी तो टेम्पो घेऊन आला. सोबत आळीतले दहा-बारा जण, गाद्या आणि दोरखंड. पांढरी मूर्ती त्यांनी हलवली नाही. तिच्याशेजारी चौथरा बांधून ताईंची मूर्ती बसवली. वंदना चालू असताना ताई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. मी वळून पाहिलं तर त्या पदराने डोळे पुसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

मागच्या रविवारी तिथेच, विहारात, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा विधी झाला. सगळे जेवायला बाहेर गेले, मी आत रेंगाळले. सोनाकाकू आता पुष्कळ थकली आहे. काठी टेकत आली आणि मला हाताला धरून मूर्तीच्या मागे घेऊन गेली. डाव्या खांद्यावरून अंगावरचं चीवर खाली येतं तिथे एका चुणीत उथळसा खळगा आहे. माती ओली असताना चुणी दाबताना पडलेला आणि तसाच सिमेंटमध्ये उतरलेला. झाडलोट करणाऱ्या बायांना तो कधीचाच सापडला होता. त्या येताजाता तिथे हात लावतात, म्हणून तेवढीच जागा गुळगुळीत झाली आहे.

"विमलचा अंगठा हाय," काकू म्हणाली.

मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. तो सैल बसला. ताईंचे हात मोठे होते.