शेवटच्या कडव्यातलं नाव

ताडकळसच्या सगुणाबाईंना गाणं सुचायचं ते हात गुंतलेले असताना. कापूस वेचताना, पीठ मळताना, लेकीची वेणी घालताना. मोकळ्या बसल्या की काही म्हणता काही सुचायचं नाही. ओळ आली की दिवसभर ती तोंडात घोळवायच्या आणि दिवेलागणीला नवऱ्यापुढे म्हणून दाखवायच्या. दत्तराव पेटी पुढं ओढायचे, सूर धरायचे आणि म्हणायचे, "हां, पुन्हा म्हण." दोन-तीनदा म्हटलं की गाणं त्यांचं व्हायचं.

म्हणजे खरोखरच त्यांचं. 'दत्तराव ताडकळसकर आणि गायन पार्टी'चा तसा दंडकच होता. भीमगीत कुणीही रचलेलं असो, शेवटच्या कडव्यात नाव पार्टीप्रमुखाचं. ती ओळ जवळ आली की दत्तराव उजवा हात वर करायचे. हात वर गेला की मागच्या कोरसनं ते नाव उचलायचं आणि चढत्या सुरात पुन्हा पुन्हा म्हणायचं. मंडपातून घरी जाताना लोकांच्या तोंडी तेच राहायचं. कोरसमध्ये पहिला आवाज सगुणाबाईंचा. त्यांनी उचललं की बाकीचे उचलायचे.

पार्टी सुरू झाली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. एक पेटी, एक बेंजो, दत्तरावांना दादा म्हणणाऱ्या सिद्धोधनची ढोलकी आणि मागं बसायला जो मिळेल तो. एसटीच्या टपावर पेटी बांधून मानवत, पूर्णा, नांदेड, जिथं बोलावतील तिथं जायचं. भीमजयंतीच्या एप्रिलमध्ये तर घरी पाठ टेकायची सोय नसायची. रोहिणी पोटात असतानाही सगुणाबाई कोरसला बसल्या, आणि झाल्यावर पदराखाली घेऊनही बसल्या. पुढं कॅसेट निघाली. कव्हरवर चौघा पुरुषांचे फोटो होते आणि खाली बारीक अक्षरात 'कोरस : सौ. सगुणा व इतर'. त्यातली सगळी गाणी सौ. सगुणाची होती.

तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं. "अवो, एखाद्या गाण्यात माझं नाव घातलं तर?"

दत्तराव पेटीचा भाता पुसत होते. वर न बघता म्हणाले, "नाव काय भाकरी हाय का, वाटून खायला? आन लोक काय म्हणतील, दत्तराव बायकूचं गातो?"

"गातावच की."

"मंग मी कुठं न्हाई म्हणायलोय. पण सांगत फिरू का?"

माणूस मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता. सायकलवर पुढं पेटी आणि मागं बायको घेऊन त्यानं अख्खा तालुका पालथा घातला होता. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस.

वर्षं गेली. कॅसेटी गेल्या. बेंजोवाला पुण्याला वॉचमन झाला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही गेला. जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे आले आणि पार्टीला पाहुणे येईपर्यंत लोकांना बसवून ठेवण्याचं काम उरलं. पाहुणे आले की संयोजक हातानंच थांबा म्हणायचे आणि दत्तराव अर्ध्या कडव्यात पेटी मिटायचे. शेवटी तंबाखूनं त्यांचा घसा धरला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता बोलले तर सुक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखं वाजायचं.

अशात परभणीच्या एका मंडळानं पार्टीच्या चाळीस वर्षांनिमित्त सत्कार ठरवला. रविवारी दुपारी, हॉलमध्ये. दत्तरावांचा सत्कार आणि पार्टीचं गायन. पण गाणार कोण?

रोहिणी गाणार, हे सिद्धोधननं परस्परच सांगून टाकलं. रोहिणी मानवतच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. गळा आईचा आणि जीभ कुणाचीच नाही, तिची स्वतःची. पोरगी एकदा स्टेजवर बसली की उठायची नाही, तिचंही आयुष्य सतरंजीवर मांडी घालून जाईल, ही भीती सगुणाबाईंनी तिच्या लहानपणापासून बाळगली होती. तिला शिकवलंच त्यासाठी होतं. त्या नको म्हणणार तोच रोहिणी म्हणाली, "गाईन. पण 'उंबरा' शेवटी घ्यायचं, आणि त्यात तुझं नाव घालायचं. नाहीतर दुसरी बघा."

'उंबरा' हे पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं. रोहिणीला पहिल्यांदा शाळेत सोडून येताना सगुणाबाईंना वाटेतच सुचलेलं.

उंबऱ्याच्या आत मी, लेक निघाली शाळेला,
भीमा, तुझी सावली दे माझ्या बाळेला.

आणि शेवटी,

दत्तराव म्हणे, जागा भीमाच्या बोलाला,
उंबऱ्याच्या आत कुणी नका ठेवू लेकीला.

"ही बाईची गोष्ट आहे आई," रोहिणी म्हणाली. "उंबऱ्याच्या आत अण्णा बसले होते का?" वडिलांना ती अण्णा म्हणायची.

"बसत न्हाई गं माझं नाव. लहान पडतंय. 'सगुणा म्हणे', पुढं खड्डा पडतोय बघ."

"सगुणाई म्हणू. म्हणून बघ. बसतंय."

बसत होतं. जणू जागा मोकळी ठेवलेली असावी तसं बसत होतं. सगुणाबाई पुढचे आठ-पंधरा दिवस एकट्याच म्हणून बघत होत्या. सुरुवातीला नावाशी आलं की त्या तिथंच थांबायच्या. मग ज्वारी पाखडताना म्हणता म्हणता एकदा सरळ निघालं, आणि त्या सूप तसंच हातात धरून हसल्या. त्या दिवसापासून त्यांना ते हवंसं झालं. एकदाच, पण भरल्या हॉलमध्ये, लोकांच्या कानांवर. लेकीच्या काळजीहूनही हे मोठं झालं, याची त्यांना लाजही वाटली.

कोरसची तालीम झाली. सिद्धोधन ढोलकी आवळता आवळता म्हणाला, "वहिनी, चाळीस वर्षं तुमी दादाचं नाव घिऊ घिऊ त्याचं वजन वाढवलं. आता जरा सोताचं वाढवा." सगळे हसले. दत्तरावांना रोहिणीनं तोंडावर सांगितलं. ते पाचोळा वाजल्यासारखं बोलले, "गा की. मी काय अडवायलोय? आवाज तर तुमच्याकडंच हाय आता."

हॉल भरला होता. ताडकळसहून क्रूझर जीप भरून माणसं आली होती. दत्तराव पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत, खुर्चीवर. स्टेजवर पुढं रोहिणी, तिच्या बाजूला सिद्धोधन, मागं कोरस आणि कोरसच्या टोकाला सगुणाबाई. रोहिणीनं पहिलं गाणं उचललं आणि माणसं मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागली. पोरगी चांगली गात नव्हती, फार चांगली गात होती.

'उंबरा' सुरू झालं तेव्हा बाया खुर्च्यांवर पुढं सरकल्या. कडव्यामागून कडवं गेलं. सगुणाबाई मनात नाव धरून बसल्या होत्या, तोंडात गूळ धरावा तसं. शेवटचं कडवं आलं. रोहिणीनं मान किंचित मागं वळवली, आईकडं बघितलं आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाली, "सगुणाई म्हणे, जागा भीमाच्या बोलाला..."

आणि पहिल्या रांगेत दत्तरावांचा हात वर गेला.

त्यांनी काही ठरवून केलं नाही. डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, ओळ आली आणि हात गेला. चाळीस वर्षं नावाच्या ओळीला जात होता तसाच गेला. सगुणाबाईंची नजर हातावर पडली आणि तोंडातून खणखणीत आवाज निघाला, "दत्तराव म्हणे..."

कोरसनं त्यांचं ऐकून उचललं. ढोलकी चढली. पुन्हा दत्तराव, पुन्हा वरच्या सुरात दत्तराव. पहिल्या खेपेलाच सगुणाबाईंना कळलं होतं, पण उचललेला कोरस मध्येच टाकता येत नाही. आवाज त्यांना तसाच पुढं ओढत नेत राहिला. रोहिणीलाही आईच्या मागं जावं लागलं. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. दत्तराव रडत होते.

हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. सूत्रसंचालकानं दत्तरावांना शाल आणि सन्मानचिन्ह दिलं. सगुणाबाईंना साडी दिली आणि माइकवर सांगितलं की यशस्वी पुरुषाच्या पाठीशी कशा खंबीरपणे उभं राहावं ते यांच्याकडून शिकावं. सगुणाबाईंनी हात जोडले.

परतीच्या क्रूझरमध्ये दत्तराव पुढं ड्रायव्हरजवळ बसले, मांडीवर सन्मानचिन्ह. मागं मायलेकी. रोहिणी खिडकीबाहेर बघत होती.

"हात वर गेला गं त्यांचा," सगुणाबाई हळूच म्हणाल्या.

"हात त्यांचा होता. तोंड तुझं होतं."

"सवय हाय बाई. ध्येनातच आलं न्हाई."

"मला सगळ्यांपुढं तोंडघशी पाडलंस, त्याचं काही नाही. पण मी ज्याच्यासाठी गायले ते तू स्वतःच खाल्लंस. आता मला कधी गा म्हणू नकोस."

तिला शिकवून शहाणी केली होती, तिनं स्टेजवर जाऊ नये असंच वाटत होतं. मग हे ऐकून 'असं नको म्हणू' म्हणावंसं का वाटावं?

कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला. तो गावोगाव फिरला. दत्तराव रोज जेवण झालं की ओसरीत बसून तो लावतात, फोन कानाशी धरतात, आणि शेवटच्या कडव्याला त्यांचा हात वर जातो. आत सगुणाबाई काही करत असल्या तरी ओठ आवळून धरतात. तरी आतल्या आत ते नाव उचललं जातंच.

एप्रिल तोंडावर आला तसा सिद्धोधन घरी आला. सगुणाबाई भाकरी थापत होत्या. तो चुलीपासून थोडा दूर, पाटावर चहा घेत बसला.

"रोहिणी न्हाईच म्हणायलीय का?"

"न्हाई."

"पोखर्णीची एक पोरगी हाय. गळा लय गोड. पूर्ण्याच्या कार्यक्रमाला तिलाच बसवावं म्हणतो. 'उंबरा' तर घ्यावंच लागतंय, त्याच्याबिगर कोणी उठू देत न्हाई." तो थांबला. "वहिनी, शेवटच्या कडव्यात कोणाचं नाव सांगू तिला?"

बाहेर ओसरीत फोनवर गाणं सुरूच होतं. सगुणाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. त्या काही बोलतील म्हणून सिद्धोधननं चहाची कपबशीही खाली ठेवली.

"बरं," तो शेवटी उठत म्हणाला, "मंग हाय तसंच सांगतो."

सगुणाबाईंनी भाकरी उलटली.