जलील मास्तर परिषदेला गेले

भोरमध्ये लग्न कुणाचंही असो, पंगतीत वाढायला जलील मास्तर हवेतच. समोरच्याने पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून भाजी सोडण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. त्यांच्या बायकोचं, गुलजारबींचं, म्हणणं असं की हाच त्यांचा खरा धंदा; टायपिंगचा क्लास आपला नावाला.

२००३ साली मास्तरांनी टायपिंगची यंत्रं मोडीत काढली. पुण्यातल्या एका कचेरीने टाकून दिलेले सहा कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले आणि सातवा नवा कोरा घेतला. नवा पळायचा. जुने सहा मात्र बटण दाबल्यावर घरघरत बसायचे आणि मध्येच मान टाकायचे. उत्रोली-भाटघरहून येणाऱ्या चौदा मुली त्या एका नव्यापुढे पाळी लावून बसू लागल्या. शेवटी भाटघरचा हनुमंत तोंडावर बोलला, "मास्तर, पोरगी म्हैनाभर दुसरीच्या पाठीकडंच बघतीया. जूनपातुर जमलं तर बघा, न्हाईतर म्या तिला घरी बसवतो." बाकीचे बाप बोलले नव्हते इतकंच. मुलीला पुण्याला शिकायला धाडेल असा त्यांत एकही नव्हता. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

अशात पेपरात बातमी आली. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींची पुण्यात दोन दिवसांची परिषद होती, आणि कुणीही यावं असं होतं. मास्तरांनी सहा कॉम्प्युटरांचं दुखणं एका कागदावर सुवाच्य लिहून खिशात घातलं. परक्याच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून पाच किलो उत्रोलीचा तांदूळ घेतला आणि पहाटेची एसटी पकडली. नावनोंदणीच्या टेबलावरच्या पोराला हा आहेर कुठे लिहून घ्यावा ते कळेना. त्याने पिशवी सापडलेल्या वस्तूंच्या खोक्यात ठेवली.

मास्तर दिवसभर पहिल्या रांगेत बसून सगळं लिहून घेत होते. वही अर्धी भरली, डोक्यात काही शिरलं नाही. प्रत्येक भाषणानंतर कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं जाई, तेव्हा ते ताठ होऊन बसत. भोरला अशा वेळी चारचौघांतून कुणीतरी म्हणतंच, मास्तर, तुमी बोला. मग थोडं नको नको करायचं आणि उठायचं. इथे कुणी म्हणेना. जेवणाचंही तेच. यजमान हाताला धरून नेईपर्यंत ताटाकडे बघणं म्हणजे हावरटपणा. मास्तर खुर्चीवर सभ्यपणे बसून राहिले, पोरं आपापलं वाढून घेऊन उभ्यानेच जेवली आणि टेबलावरची भांडी उचललीसुद्धा गेली. संध्याकाळी मास्तर उपाशी आणि कागद घडीचा घडीत, असे भोरला उतरले.

गुलजारबींनी गरम भाकरी वाढली, पण कीव केली नाही. "अवो, तितं तुमाला वळखतंय कोण? वळख न्हाई तर मान कुठला? हितं करता त्येच तितं करा की."

दुसऱ्या दिवशी मास्तर वही घरीच ठेवून गेले. दुपारी पाहतात तो शिकलीसवरलेली पोरं ताटात चमचाभर पुलाव घेऊन हिंडतायत. हे काही त्यांना बघवेना. त्यांनी भाजीच्या भांड्यातला डाव उचलला आणि टेबलामागे उभे राहिले. गाव कुठलं, काम काय, असं एकेकाला विचारावं आणि उत्तर येईतो फ्लॉवर-बटाटा वाढून मोकळं व्हावं. तासाभरात अर्ध्या परिषदेचे ते काका झाले. आदल्या दिवशी व्यासपीठावरून बोललेली स्नेहल नावाची इंजिनियर मुलगी आली, तिने ताटावर हात धरला आणि तिच्याही बोटांमधून भाजी उतरली. तिने हसत विचारलं, तुम्ही केटरिंगवाले का? मास्तर म्हणाले, न्हाई, कॉम्प्युटरवाला. आणि खिशातला कागद काढून पुढे केला.

स्नेहलने तो वाचला आणि ताट खाली ठेवलं. "काका, हे सहाही टाकाऊ नाहीत. त्यांच्यावर कामच टाकू नका. सगळं काम नव्याला करू द्या, जुने नुसते तारेने त्याला जोडा. पडदा त्यांचा, डोकं नव्याचं."

म्हणजे चूल एक आणि पानं सहा. दोन दिवसांत मास्तरांना कळलेली ही पहिली गोष्ट. शेजारच्या दोघांनी लगेच वाद घातला, तिघांनी कागदी बशीवर आकृती काढली, आणि मास्तरांनी त्या सगळ्यांना पुन्हा गुलाबजाम वाढले.

पुढच्या रविवारी स्नेहल दोन मित्रांना घेऊन, तारा आणि फ्लॉप्यांची पिशवी घेऊन भोरला आली. दुपारी चारच्या सुमाराला एकामागून एक सहाही पडदे उजळले. मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. पोरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

सोमवारी सहा मुली सहा पडद्यांसमोर बसल्या होत्या. हनुमंत लेकीला सोडायला आला होता, तो बराच वेळ दारातच उभा राहिला. लेक खाली मान घालून टाईप करत होती, तिने बापाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग त्याने मास्तरांना बाजूला घेतलं.

"धाकटीचंबी नाव घाला," तो म्हणाला.

मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते नाव दोनदा लिहिलं.