बेंबी बसवणारे देवराव

बार्शीटाकळीत कुणाचं पोट दुखलं की डॉक्टरआधी देवरावांचं नाव निघतं. दुखणं कसलंही असो, निदान ठरलेलं: "बेंबी सरकली!" माणसाला उताणं पाडायचं, बेंबीवर पेटता दिवा ठेवायचा, वरून तांब्या पालथा घालायचा. तांब्या कातडीला चिकटला की देवराव डोळे मिटून जाहीर करणार, "बसली." मोबदला नको, चारचौघांत "देवरावबुवा" म्हटलं की भरून पावले.

यंदा पोळा झाला अन् युरियाचं पोतं उचलताना खुद्द बुवांच्याच बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा आला. खोकलं की बाहेर, निजलं की आत. दार लावून त्यांनी स्वतःवर तांब्या घातला. चिकटला! "बसली," असं स्वतःलाच सांगून उठतात तोच शिंक आली, अन् लिंबू पुन्हा हजर.

अकोल्याच्या दवाखान्यात अर्धं गाव भेटणार. तिथं कुणी पाहिलं तर बुवापण संपलंच. म्हणून स्वारी थेट अमरावतीला निघाली.

"लग्नाले जाऊन राहिलो," त्यांनी बायकोला सांगितलं.

"पितरपाटात लग्न?" सुभद्राबाई म्हणाल्या. "कोन येडं लावून राहिलं बा?"

अमरावतीत तपासणीच्या खाटेवर पडले, तर शेजारच्या खाटेवर पातूरचा भाजीवाला ओमप्रकाश! त्याची बेंबी बुवांनी दोनदा बसवली होती. आता बेंबीपाशीच ऑपरेशनचे ताजे टाके, तेच दाखवायला आलेला.

"अरे बुवा! इथं कोनाची बसवाले आले?"

डॉक्टर प्रणालीताईंनी बुवांच्या पोटावर बोट फिरवलं. "समोर दोन उभे स्नायू, बाजूला तिरपे थर, सगळ्यांखाली आडवा, पट्ट्यासारखा. वाकणं, उठणं, जोर करणं, आतडी आत धरणं, सगळं यांच्यावर. उभ्या दोघांच्या मधल्या शिवणीत भोक पडलंय. बेंबी कुठं सरकत नसते, काका."

"पन तांब्या चिकटते ना!"

"कातडीला चिकटतो. भोक त्याच्या खाली आहे. खोका."

बुवांनी ओठ घट्ट मिटले. खोकले की ओमप्रकाशसमोर सगळं उघडं.

"आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, काका."

"खोका ना बुवा," ओमप्रकाश म्हणाला. "मी तुमच्या गावात नाई सांगत. फक्त बायकोले सांगतो." अन् हसता हसता कळवळला, "आ गं माय, टाके!"

देवरावांनी भिंतीकडं तोंड केलं अन् खोकले.

"दिसलं, दिसलं!" ओमप्रकाश ओरडला.

बुवा भिंतीकडंच तोंड ठेवून हळूच म्हणाले, "ताई, माहं ऑपरेशन कवा करता?"